खाऊचे अर्थशास्त्र आणि मुळशीचा वानवळा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की महाराष्ट्रातील कचेऱ्यांत, शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षककक्षांत आणि सहनिवासांच्या जिन्यांत एक अघोषित बाजार भरतो. तेथे विक्री नसते, भाव नसतो, पावतीही नसते. तरीही लोणावळ्याची चिक्की, साताऱ्याचे कंदी पेढे, बेळगावचा कुंदा, नागपूरची संत्रा बर्फी, गोव्याचे काजू आणि पंढरीचे चुरमुरे-बत्तासे असा मोठा माल दोन-चार दिवसांत हातोहात फिरतो. कोणी कोणाला काय दिले याची नोंद कोठे होत नसली तरी विसर मात्र सहसा कोणाला पडत नाही. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात या बाजाराला स्थान नाही. तथापि ज्याच्यावर हजारो कुटुंबांची उपजीविका अवलंबून आहे तो व्यवहार क्षुल्लक मानून सोडून देणे शहाणपणाचे ठरणार नाही.

आपल्या भाषेने या देवाणघेवाणीचे बारकाईने वर्गीकरण केले आहे. मुलाबाळांसाठी आणतात तो खाऊ. देवस्थानाहून आणतात तो प्रसाद. आणि शेतकऱ्याच्या घरून नव्या पिकाचा जो वाटा पाहुण्याच्या पिशवीत पडतो तो वानवळा. काशीहून परतलेला यात्रेकरू मावंदे घालून गंगेची पूजा करी, सीलबंद गडूतील तीर्थ आप्तेष्टांना देई आणि काळे गंडे वाटी. ज्यांना जाता आले नाही त्यांनाही यात्रेच्या पुण्याचा अंश पोचावा, ही त्यामागील भावना. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत मिळविलेले गमावून बसले. परंतु परतताना त्यांनी गंगेची कावड खांद्यावरून घरी आणली आणि आईवडिलांना त्या जलाने स्नान घातले. जमाखर्चाच्या वहीत ती यात्रा तोट्याची ठरेल. गोडसे कुटुंबाच्या लेखी ती तशी होती काय?

हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनीही आपल्या परीने विचारला आहे. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींवर एक गाजलेला निबंध लिहिला. भेट घेणाऱ्याला ती वस्तू जेवढ्या मोलाची वाटते आणि देणाऱ्याने तिच्यासाठी जेवढे पैसे मोजलेले असतात, यांत एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत तूट पडते, असा त्याचा हिशेब होता. म्हणजे रोख पैसे देणेच बरे! परंतु भावनिक मूल्य बाजूला ठेवून किंमत सांगा, असे त्याने विद्यार्थ्यांना प्रश्न विचारतानाच बजावले होते. मीठ काढून घेऊन भाजी अळणी लागते असे म्हणण्यापैकीच हे झाले. त्याच्याही कितीतरी आधी, १९२५ मध्ये, मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे ही तीन बंधने समाजाला कशी बांधून ठेवतात ते दाखवून दिले होते. शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये, हे आपल्या आज्यांना मॉस न वाचताही ठाऊक होते.

चिक्की, पेढा आणि नाणे

कोणत्या गावाचा कोणता पदार्थ खाऊ म्हणून रूढ झाला, हे केवळ चवीवर ठरलेले नाही. वाहतुकीचा त्यात मोठा हात आहे. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पार करून मुंबई-पुणे सलग जोडले गेले. लोणावळ्याच्या चिक्कीची कुळकथा घाटात राबणाऱ्या मजुरांच्या गूळदाण्याशी जोडली जाते. ती तंतोतंत खरी असो वा नसो, गाडी थांबते तेथे बाजार उभा राहतो आणि प्रवाशाला घरी न्यायला काहीतरी हवे असते, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यातली आणि नाजूक. ती फार दूर जात नाही, म्हणून पाचगणीच्या परिसरात तिचे जॅम आणि सरबते करणारे कारखाने उभे राहिले. १९५९ मध्ये तेथे सुरू झालेला ‘मॅप्रो’ हे त्याचे ठळक उदाहरण. नाशवंत फळ बाटलीत बसले आणि मे महिन्यातील पर्यटकाच्या हाती पडले.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आम्ही चलनाचे गुण शिकवतो : ते टिकाऊ असावे, सहज नेता यावे, त्याचे लहान भाग पडावेत आणि ते पाहताक्षणी ओळखता यावे. चिक्कीचा विचार करा. ती आठवडेच्या आठवडे टिकते, पिशवीत मावते, तिचे हवे तेवढे तुकडे होतात आणि ‘लोणावळ्याला गेला होता वाटते’ हे पाहणारा लगेच ओळखतो. खाऊ हे आपुलकीचे चलनच आहे. आणि चलन म्हटले की त्याच्या पाठोपाठ चलनाचा रोगही येतो. तो म्हणजे खोटे नाणे.

पर्यटनस्थळावरचा ग्राहक हा दुकानदाराच्या दृष्टीने आदर्श बळी असतो. तो घाईत असतो, परगावचा असतो आणि पुन्हा येण्याचा संभव कमी असतो. शिवाय पेटी उघडली जाते ती शंभर कोस दूर, भलत्याच माणसाच्या घरी. आणि भेट म्हणून मिळालेल्या वस्तूला नावे ठेवण्याची आपली रीत नाही. तक्रार उमटायला इतकी कमी जागा दुसऱ्या कोणत्याही बाजारात नसेल. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन सांगितले की, जेथे विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, तेथे निकृष्ट माल उत्तम मालाला हुसकावून लावतो. या विचाराबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. चांगल्या तुपाचा, ताज्या खव्याचा पेढा करणारा हलवाई आणि भलत्याच कारखान्यातून गोणीने माल आणून त्यावर गावाचे नाव छापणारा व्यापारी शेजारी शेजारी बसले, की प्रवासी स्वस्त पेटी उचलतो. कालांतराने हलवाईच दुकान मिटतो. गावाचे नाव उरते, गुण जातो.

नावाचा मालक कोण?

गावाचे नाव ही त्या गावाची सामाईक मालमत्ता आहे. गायरानावर एकट्याने कुंपण घालणे जसे चूक, तसेच या नावावर परक्याने डल्ला मारणेही चूक, या तत्त्वावर आपल्याकडे १९९९ चा भौगोलिक उपदर्शनांचा कायदा झाला आणि तो २००३ पासून अमलात आला. त्याखाली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, येवल्याची पैठणी, कोकणचा हापूस, गोव्याची काजू फेणी, तिरुपतीचा लाडू अशी यादी वाढत गेली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये हे मानांकन मिळाले, तेही महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. राज्यांची सीमा कारागिरीला कळत नाही, याची ही शासकीय कबुलीच म्हटली पाहिजे. जून २०२५ मध्ये मिलान येथील एका प्रदर्शनात ‘प्राडा’ या इटालियन पेढीने या चपलेसारख्या पादत्राणांचा नमुना मूळचा उल्लेख न करता मांडला तेव्हा गदारोळ झाला आणि पेढीला प्रेरणेचे मूळ मान्य करावे लागले. ते योग्यच झाले. परंतु आपल्याच पर्यटनस्थळांवर कृत्रिम चामड्याची ‘कोल्हापुरी’ राजरोस विकली जाते तेव्हा हा संताप कोठे जातो? बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे कमावणाऱ्या कारागिराचे पोट मिलानपेक्षा या दुकानांनीच अधिक मारले आहे.

कायदा कागदावर असून भागत नाही. नाव राखण्यासाठी संघटित पहारा लागतो. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळाफळावर स्वतंत्र क्रमांकाचे चिकटपत्र लावण्याची पद्धत आणली, कारण परप्रांतीचा आंबा देवगडच्या नावाने विकला जात होता. जपानात प्रवासाहून परतताना सहकाऱ्यांसाठी त्या त्या गावाचा खाद्यपदार्थ आणणे ही जवळजवळ सक्तीच आहे आणि त्यावर मोठा व्यवसाय उभा आहे. तेथेही २००७ मध्ये इसे या तीर्थक्षेत्रातील तीनशे वर्षांच्या जुन्या मिठाईवाल्या पेढीने उत्पादनाच्या तारखा बदलल्याचे उघड झाले. परिणाम? दुकान काही महिने बंद ठेवावे लागले. प्रामाणिकपणाची हमी परंपरा देत नाही. ती देखरेखीतूनच मिळते.

मारुंजीतून काय न्यायचे?

आता थोडे घरचे. प्रस्तुत लेखक राहतो ते मुळशी तालुक्यातील मारुंजी हे हिंजवडीच्या संगणक उद्योगनगरीला लागून असलेले गाव. एकेकाळच्या भातखाचरांवर आज उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांत देशातील बहुतेक सर्व प्रांतांची माणसे नांदतात. सणाच्या सुट्टीनंतर येथील एकेका मजल्यावर ओडिशाचा छेनापोडा, बंगालचा खजुरी गुळाचा संदेश, आंध्रची पूतरेकुलू आणि जळगावचे केळ्याचे वेफर एकत्र येतात. भाषा न समजणारी दोन कुटुंबे पेटीच्या झाकणावरून बोलू लागतात. राष्ट्रीय एकात्मतेवरील कित्येक व्याख्यानांनी जे साधत नाही, ते हा खाऊ विनासायास साधतो.

परंतु हीच मंडळी गावी निघताना ‘इथून काय न्यावे?’ असा प्रश्न करतात. उत्तर ठरलेले असते : पुण्याची बाकरवडी किंवा श्रूजबेरी बिस्किटे. दोन्ही उत्तमच, पण ती पुण्याची. ज्या मातीवर घर उभे आहे तिचे काय? मुळशी-मावळाचा आंबेमोहोर तांदूळ शिजू लागला की आंब्याच्या मोहराचा वास घरभर दरवळतो. त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. मात्र हे भात उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते आणि उतारा कमी देते, म्हणून शेतकरी त्यापासून दूर गेला. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने काढलेला आणि १९८७ मध्ये प्रसारित झालेला इंद्रायणी त्या मानाने परवडतो. शहरातील दुकानांत मात्र अन्य राज्यांतील बारीक, सुवासिक तांदूळ आंबेमोहोर म्हणून खपतो. खोटे नाणे इथेही आहेच.

ज्या मुळशीत धरणाखाली जाणाऱ्या भातजमिनींसाठी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्याच तालुक्यात आज जमीन स्वखुशीने विकली जाते आहे. त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देण्याचा अधिकार त्या इमारतींत राहणाऱ्या आपल्याला नाही. आमच्या शेजारच्या एका वृद्ध गावकऱ्यांना नव्या तांदळाचा विषय काढला तेव्हा ते एवढेच म्हणाले, “सर, वानवळा द्यायचा तर खाचर तरी ऱ्हायला हवं ना!” या एका वाक्यात सबंध नागरीकरणाचे अर्थशास्त्र आहे. जमिनीचा बाजारभाव एका आकड्यात मावतो. ती गेल्यावर जे देता येत नाही त्याचा आकडा कोणीच मांडत नाही.

तरीही सारे संपलेले नाही. तालुक्याच्या पश्चिम भागात भात अजून पिकते आणि पूर्व भागात ते विकत घेण्याची ऐपत असलेली हजारो कुटुंबे राहतात. मध्ये तुटली आहे ती साखळी. सहनिवासांनी सुगीनंतर वर्षातून एक-दोन रविवार आपल्या आवारात मुळशीच्या भात उत्पादकांना आणि महिला बचत गटांना जागा दिली, किलो-दोन किलोच्या पिशवीवर गावाचे व पिकवणाऱ्याचे नाव छापले, तर भुवनेश्वरला निघालेल्या अभियंत्याच्या सामानात आंबेमोहोर जाऊ शकेल. ही कल्पना हवेतील नव्हे. जपानमधील ओइता प्रांताचे राज्यपाल मोरिहिको हिरामात्सु यांनी १९७९ मध्ये ‘एक गाव, एक उत्पादन’ ही चळवळ सुरू केली. आपल्या रेल्वेनेही २०२२ पासून ‘एक स्थानक, एक उत्पादन’ योजनेखाली स्थानिक कारागिरांना फलाटावर जागा दिली आहे. एस. टी. स्थानके आणि द्रुतगती मार्गावरील उपाहारगृहांची संकुले यांनाही हा नियम का लावू नये?

ग्राहकाचेही काही कर्तव्य आहे. वेष्टनबंद खाद्यपदार्थावर उत्पादकाचे नाव, पत्ता आणि चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. सुट्या मिठाईपुढे ती कधीपर्यंत खाण्यायोग्य आहे हे लिहिण्याचा नियमही ऑक्टोबर २०२० पासून आला आहे. पेटी विकत घेण्यापूर्वी ती एकदा उलटी करून पाहावी. ज्या गावाचे नाव वर मोठ्या अक्षरांत आहे तेच गाव खाली बारीक अक्षरांत आहे काय, एवढे पाहण्यास अर्धे मिनिट पुरते. लाखो प्रवाशांचे हे अर्धे मिनिट कोणत्याही निरीक्षकापेक्षा प्रभावी ठरेल.

१९९१ पूर्वी परदेशाहून आलेल्या माणसाची पेटी उघडताना सारे घर भोवती जमत असे, कारण त्या वस्तू येथे मिळतच नसत. आज विमानतळावरचे चॉकलेट नाक्यावरच्या दुकानात आहे आणि चिक्कीही दूरध्वनीवरून घरपोच येते. दुर्मीळपणा संपला, तरी खाऊ आणणे थांबले नाही. याचा अर्थ खाऊचे मोल दुर्मीळतेत कधीच नव्हते. ते होते दूरच्या गावी असताना कोणाची तरी आठवण झाली, या साक्षीत. साक्ष खरी असेल तर पेटीतील मालही खरा असावा, आणि तो ज्यांच्या कष्टांतून आला त्यांच्या पदरी त्याचे दाम पडावे, एवढीच अपेक्षा. बाजाराने ती आपणहून पुरी केलेली नाही. ग्राहक, उत्पादक आणि शासन यांना मिळूनच ती पुरी करावी लागेल.