नाव नसलेली पाणकोंबडी

लोणारच्या विवरात उतरू लागले की सरोवराच्या खाऱ्या पाण्याचा उग्र दर्प येतो. परंतु विवराच्या उतारावर गोड्या पाण्याचे झरेही आहेत. अशा ओलसर जागी, दाट झुडपांच्या आडोशाला, एक पक्षी पाहावयास मिळतो. पाठ काळसर राखाडी. चेहरा, गळा आणि छाती पांढरीशुभ्र. शेपटीखाली विटकरी रंग. पाय पिवळसर आणि बोटे लांबच लांब. चालताना तो आखूड शेपटी सारखी वरखाली हलवतो आणि चाहूल लागताच झाडीत दिसेनासा होतो. ही लाजरी पाणकोंबडी. चातुर्मासाच्या दिवसांत तिचे ‘क्वाक् क्वाक्’ तासन्‌तास चालते. त्यामुळे नदीनाल्याकाठी राहणाऱ्यांना ती रूपापेक्षा आवाजानेच अधिक परिचित असते.

‘कोंबडी’ हे नाव मात्र फसवे आहे. शास्त्रीय वर्गीकरणात कोंबडीचा गण वेगळा. पाणकोंबडी ही सारस-क्रौंचांच्या गणातील. त्या गणातील ‘रॅलिडी’ हे तिचे कुल. काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या कपाळाचा चांदवा, ज्याला आपल्याकडे वारकरी असेही म्हणतात, तो याच कुलातला. जगभरात या कुलाच्या सुमारे दीडशे जाती आहेत. अंग दोन्ही बाजूंनी चपटे असल्याने त्यांना दाट गवतातून सहज निसटता येते. पंख आखूड असतात आणि संकटात त्यांची भिस्त उडण्यापेक्षा पळण्यावर अधिक असते.

नवल असे की, उडण्याचा आळस करणारे हेच कुल समुद्रातील दूरदूरच्या बेटांवर जाऊन पोहोचले. वाऱ्याने भरकटलेले काही पक्षी बेटांवर स्थिरावले. तेथे त्यांना खाणारे प्राणी नव्हते. न लागणारा खर्च बंद करावा, तसे अनेक ठिकाणी पिढ्यानपिढ्या त्यांचे पंख खुंटत गेले आणि नव्या जाती निर्माण झाल्या. पुढे माणूस आला, त्याच्यामागून उंदीर व मांजरे आली आणि यांतील कित्येक जाती नष्ट झाल्या. प्रशांत महासागरातील वेक बेटावरची न उडणारी पाणकोंबडी दुसऱ्या महायुद्धात तेथे अडकलेल्या उपाशी जपानी सैनिकांनी खाऊन संपवली. १९४५ नंतर ती कोणालाही दिसलेली नाही.

जाती ओळखण्याच्या या शास्त्राकडे मी वळलो तो बँकेतील एका चुकीच्या आठवणीमुळे. एका शाखेत एकाच नावाचे दोन खातेदार होते. एकाचा धनादेश मी दुसऱ्याच्या खात्यास नावे टाकला. नाव पाहिले, नमुना स्वाक्षरी ताडून पाहिली नाही. चूक सर्वस्वी माझी होती. प्राणिशास्त्रातही नमुना स्वाक्षरीसारखीच एक व्यवस्था आहे. नव्या जातीला नाव द्यावयाचे तर तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध करावे लागते आणि ते ज्या नमुन्यावर आधारले आहे, तो नमुना संग्रहालयात जपून ठेवण्याची रीत आहे. पुढे कधी शंका आली, तर त्याच्याशी ताडून पाहता येते.

आपल्या देशातील बेटांवरची अशी नोंद झालेली पाणकोंबडी म्हणजे अंदमानची ‘रॅलिना कॅनिंगी’. एडवर्ड ब्लाइथ या पक्षितज्ज्ञाने १८६३ साली तिचे वर्णन केले. नाव दिले ते व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांचे. लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर, अंग तजेलदार तांबूस तपकिरी, पोटावर काळ्यापांढऱ्या आडव्या पट्ट्या, चोच हिरवी आणि पायही हिरवट. अंदमानाबाहेर ती जगात कोठेही आढळत नाही.

त्याच्या दक्षिणेस ग्रेट निकोबार बेट आहे. २०११ साली तेथे अशाच एका पक्ष्याची छायाचित्रे भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाच्या संशोधकांनी घेतली आणि पुढील वर्षी ती प्रसिद्ध झाली. ठेवण अंदमानच्या पक्ष्यासारखीच. परंतु चोच आणि पाय हिरवे नव्हेत, नारिंगी-तांबडे. ही जाती नवी असावी, असे अभ्यासकांचे मत पडले. तरीही शास्त्रीय नामावलीत या पक्ष्याचे नाव अद्याप चढलेले नाही. याच बेटावर मोठे बंदर, विमानतळ आणि नगर उभारण्याच्या प्रकल्पाला २०२२ साली पर्यावरण मंजुरी मिळाली. अशा प्रकल्पाच्या लाभहानीचा ताळेबंद मांडताना ज्याचे खातेच उघडलेले नाही, त्याची हानी कोणत्या रकान्यात लिहावयाची?

मग नमुना का घेऊ नये? येथेच आपल्यासारख्यांचे मन अडखळते. नमुना घेणे म्हणजे पूर्वापार पक्षी मारणे. ज्याचे रक्षण करावयाचे, त्याचाच जीव नोंदणीसाठी घ्यावा काय?

या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते आपल्या महाराष्ट्रात काम केलेल्या एका शास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे. पुण्यातील खगोलशास्त्रज्ञ डॉ. रमणा अत्रेय यांना अरुणाचल प्रदेशात १९९५ साली एक अनोळखी पक्षी दिसला होता. २००६ साली तो जाळ्यात सापडला. त्याची संख्या फारच थोडी आहे, हे जाणून त्यांनी त्याला मारले नाही. मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली, गळालेली पिसे जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. तेवढ्या आधारावर त्याच वर्षी ‘बुगुन लिओसिक्ला’ या नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि जगाने ते मान्य केले. काम अधिक कष्टाचे झाले. पण जीव वाचला आणि नोंदही झाली.

ग्रेट निकोबारच्या पाणकोंबडीच्या वाट्याला असेच संयमी अभ्यासक यावेत, एवढीच अपेक्षा. आपल्याला तेथवर जाणे शक्य नाही. पण त्या अभ्यासाची पहिली पायरी घराजवळच आहे. येत्या पावसाळ्यात नाल्याकाठी ‘क्वाक् क्वाक्’ ऐकू आले, तर नातवंडांना वही घेऊन दूर उभे करावे. चोच, छाती, शेपटी, पाय आणि चाल या पाच खुणा त्यांना लिहू द्याव्यात. घरट्याजवळ मात्र जाऊ नये.