पुढाऱ्याची पारख

गावाच्या माळावर सायंकाळी मुले क्रिकेटचा डाव मांडतात, तेव्हा कप्तान कोणी व्हावयाचे हा प्रश्न पहिल्याने निघतो. मुले अगदी लहान असली, तर तो चटकन सुटतो. बॅट ज्याची, तो कप्तान! त्याच्याशी भांडण झाले, की तो बॅट काखोटीस मारून घरी जातो आणि खेळ तेथेच आटोपतो. दोन-तीन वर्षे लोटली, म्हणजे याच मुलांना हा न्याय पटेनासा होतो. बॅट कोणाचीही असो, सर्वांत चांगला खेळणारा गडी कप्तान असावा, असे त्यांना वाटू लागते. आणखी काही वर्षांनी त्यांच्या ध्यानात येते, की उत्तम खेळाडू हा उत्तम कप्तान असतोच असे नाही. डाव हरत आला असता सोबत्यांना धीर देणारा, कच्च्या गड्यालाही त्याच्याजोगे काम नेमून देणारा आणि झेल सुटलेल्यास न हिणवणारा मुलगा त्यांना अधिक योग्य वाटतो. माळ तोच, खेळही तोच. पुढारीपणाची कल्पना मात्र मुलांबरोबर वाढत असते.

ही वाढ कशी होते? लहान बालकाचे जग म्हणजे त्याचे घर. तेथे वडीलधारी माणसे सांगतात आणि बालक ऐकते. म्हणून सांगणारा तो मोठा, एवढाच पुढारीपणाचा अर्थ त्याला कळतो. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांना खेळाच्या नियमांविषयी प्रश्न विचारले आणि १९३२ साली आपल्या ग्रंथात त्यांची उत्तरे मांडली. नियम वडील माणसांनी घालून दिलेले आहेत आणि ते कोणालाही बदलता यावयाचे नाहीत, असे लहान मुलांचे म्हणणे पडले. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे उत्तर निराळे होते. खेळणाऱ्या सर्वांची संमती असेल, तर नियम बदलता येतात, असे त्यांनी सांगितले. ज्याला संमती म्हणजे काय हे उमगले, त्याला नुसता हुकूम आणि खरे पुढारीपण यांतील भेदही हळूहळू उमगू लागतो.

हा भेद किती मोठा आहे, हे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगावरून दिसून आले. कुर्ट लेव्हिन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या संशोधकांनी तो १९३९ साली प्रसिद्ध केला. दहा वर्षांच्या मुलांची, प्रत्येकी पाच जणांची चार मंडळे केली होती. शाळा सुटल्यावर ही मुले एकत्र जमत व मुखवटे बनविण्यासारखी हस्तकामे करीत. प्रत्येक मंडळावर एक प्रौढ पुढारी असे आणि त्याची वागण्याची रीत ठरवून दिलेली असे. एका रीतीत पुढारी एकेक हुकूम सोडी. पुढे काय करावयाचे, याचा मुलांना पत्ता नसे. दुसऱ्या रीतीत तो मुलांशी विचारविनिमय करी, दोन-तीन मार्ग सुचवी आणि कामाची वाटणी मुलांवर सोपवी. तिसऱ्या रीतीत तो कशातच लक्ष घालीत नसे. काही आठवड्यांनी पुढारी बदलत आणि रीतही बदले.

लक्ष न घालणाऱ्याच्या हाताखाली काम थोडे व गबाळे झाले. हुकूम सोडणाऱ्याच्या हाताखाली काम पुष्कळ झाले, हे खरे. परंतु तो खोलीबाहेर जाताच मुलांचे हात थंडावत. विचारविनिमय करणारा पुढारी बाहेर गेला, तरी काम जवळजवळ पूर्वीच्याच गतीने चालू राही. कारण मुलांना ते आपले स्वतःचे वाटे. हुकूम करणारा आवडतो की विचारणारा, असे पुढे विचारले असता, वीसपैकी एकोणीस मुलांनी विचारणाऱ्याची निवड केली.

जी गोष्ट मुलांच्या मंडळात, तीच राज्यकारभारात. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. त्या सुमारास मराठ्यांचे घोडदळ कोकणात चिपळूणच्या परिसरात छावणीस होते. तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस महाराजांनी पाठविलेले पत्र आजही उपलब्ध आहे. दाणावैरण पावसाळाभर पुरवावयाची आहे. ती आताच उधळली, तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग शिपाई कोणा कुणब्याचे दाणे, कोणाचे गवत, कोणाचा भाजीपाला नेऊ लागतील आणि गांजलेली रयत गाव सोडून जाईल. यासाठी जे हवे ते बाजारातून विकत आणावे, असे त्यांनी बजावले. रात्री दिवा जळत राहिला, तर एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवतास आग लागेल, असाही इशारा त्यांनी दिला!

एवढ्या मोठ्या राज्याचा धनी उंदराचीही चिंता वाहतो, हे पाहून प्रथम नवल वाटते. त्या पत्रात नुसती आज्ञा नाही. प्रत्येक आज्ञेमागचे कारणही आहे. महाराज छावणीवर नित्य डोळा ठेवू शकत नव्हते. ज्याला कारण कळले, तो मनुष्य कोणी पाहत नसतानाही नीट वागण्याचा संभव अधिक, हे त्यांनी जाणले होते.

वय वाढले, म्हणजे ही समज आपोआप येते असे मात्र नाही. 'बॅट ज्याची, तो कप्तान' हा न्याय मानणारी माणसे मोठ्या वयातही आढळतात. तेथे बॅटीच्या जागी पैसा, हुद्दा किंवा नुसता चढा आवाज असतो, एवढेच. भारतात अठराव्या वर्षी मतदानाचा अधिकार मिळतो. आज माळावर कप्तान निवडणारी मुले थोड्याच वर्षांत गावाचे व देशाचे पुढारी निवडू लागतील. ती पारख करण्याची सवय माळावरच लागलेली बरी.

कप्तान एखाद्या दिवशी तापाने अंथरुणास खिळला आणि तरीही डाव वेळेवर मांडला गेला, कोणी भांडले नाही, सर्वांत धाकट्या गड्यालाही त्याची पाळी मिळाली, तर त्या मुलांनी आपला कप्तान नीट निवडला होता, असे खुशाल समजावे.