हाकेवर येणारा पक्षी

चैत्र सरत आलेला असतो. येवला, नांदगाव, चांदवड या नाशिकच्या पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत उन्हाळ कांद्याची काढणी उरकत आलेली असते. बांधावर पातीचे ढीग वाळत पडलेले असतात आणि माळावरचे गवत पिवळे पडून त्यात कुसळे तेवढी उरलेली असतात. उजाडायच्या बेताला बाभळीखालून एक खणखणीत आवाज येतो. आधी दोन-तीन तुटक सूर, मग चढत जाणारे ‘क-टी-तर, क-टी-तर’. तो थांबतो न थांबतो तोच पलीकडच्या बांधावरून दुसरा उत्तर देतो. मग ओढ्यापलीकडून तिसरा.

हा राखी तित्तर. वजन जेमतेम पाव किलो, रंग मातीसारखा, उडण्यापेक्षा पळण्यावर भर. एरवी तो चार पावलांवर असूनही दिसत नाही. पण वसंत सरताना, विणीचा हंगाम सुरू झाला की हाच लपणारा पक्षी आपला पत्ता सगळ्या माळाला ओरडून सांगतो. त्याच्या हाकेचा अर्थ साधा आहे: ही जागा माझी, इथे पाऊल टाकू नका. शेजारचा नर ती ऐकून घेतो आणि आपली हद्द तशीच जाहीर करतो. परक्या नराचा आवाज हद्दीच्या आत उठला, तर मात्र मालक ओरडण्यावर थांबत नाही. तो धावून येतो.

माणसाने नेमके हेच हेरले.

महाराष्ट्रातल्या फासेपारध्यांचे नावच त्यांच्या हत्यारावरून पडले आहे. तित्तरासाठीचा फास म्हणजे एक लांब दोरी, तिला ठरावीक अंतरावर बांबूच्या बारीक खुंट्या आणि प्रत्येक खुंटीला एक सरकगाठ. जुने फास घोड्याच्या शेपटीच्या केसांचे असत. केस ताठ राहतो, दवाने लोंबत नाही आणि वाळक्या गवतात दिसत नाही. गाठीचा घेर पळणाऱ्या पक्ष्याच्या मानेच्या उंचीला येईल असा ठेवायचा. मधोमध पिंजरा आणि पिंजऱ्यात पाळलेला नर. पहाटे पिंजऱ्यावरचे फडके काढले की पाळीव तित्तर सवयीने हाक देतो. जागेचा मालक मान खाली घालून, पिसे फुगवून, सरळ रेषेत धावत येतो. पिंजऱ्यापर्यंत पोचायच्या आत तो फासात असतो.

पिंजऱ्याशिवायही काम होते. मूठ तोंडाशी धरून तित्तराचा, लाव्याचा हुबेहूब आवाज काढणारे पारधी होते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ काढला, त्यात बैलाच्या आडोशाने सावजाजवळ सरकणाऱ्या पारध्यांचीही नोंद आहे. बैल चरत पुढे जातो, त्याच्या पायांच्या मागे माणसाचे पाय चालतात. पक्षी बैलाला घाबरत नाही.

हीच हाकेची विद्या तिकडे अमेरिकेत आजही दर वसंतात चालते, परवाने काढून आणि नियमांच्या चौकटीत. तिथले सावज मोठे आहे. रानटी टर्कीचा पूर्ण वाढलेला नर आठ-दहा किलोंचा भरतो. शेपटीचा पंखा उभारून, पंख जमिनीला घासत तो माद्यांपुढे मिरवतो आणि त्याचा गडगडाटी आवाज पहाटेच्या रानात लांबवर पोचतो. शिकारी झाडाच्या बुंध्याला पाठ लावून, रानाच्या रंगाचे कपडे घालून बसतो आणि मादीचा आवाज काढतो. त्यासाठी लाकडी खोकी असतात, पाटीवर काडी घासायची साधने असतात, टाळूला चिकटवायच्या पातळ पट्ट्या असतात. रेकॉर्ड केलेला आवाज लावायला बहुतेक राज्यांत बंदी आहे. काय ते आपल्या हाताने किंवा तोंडाने जमवायचे. शिकाऱ्यांनी लाल, पांढरा किंवा निळा रंग अंगावर घालू नये, असे आवर्जून सांगितले जाते. नराच्या डोक्या-मानेचे रंग तेच असतात आणि झुडपाआड तसा ठिपका हलला तर दुसरा शिकारी फसू शकतो.

हंगामाचे शेवटचे दिवस सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत गमतीचे. झाडांना पालवी फुटून रान दाट झालेले असते, त्यामुळे आवाज लांब जात नाही आणि नजरही पोचत नाही. उरलेल्या नरांनी खोट्या हाका ऐकलेल्या असतात, ते शहाणे झालेले असतात. पण एक गोष्ट शिकाऱ्याच्या बाजूने जाते. माद्या एव्हाना अंड्यांवर बसू लागलेल्या असतात. दहा-बारा अंडी, सुमारे २८ दिवसांची बैठक. पहाटे भोवती माद्यांचा गोतावळा असलेला नर उन्हे वर येईपर्यंत एकटा पडतो आणि भर दुपारीही हाकेला उत्तर देतो.

या टर्कीचा आपल्याकडचा इतिहास मोठा रंजक आहे. १६१२ साली जहांगीराचा सरदार मुकर्रब खान गोव्याला जाऊन आला तो पोर्तुगीजांकडून अनेक अनोख्या वस्तू आणि प्राणी घेऊन. त्यात हा पक्षीही होता. जहांगीराने आपल्या आठवणींत त्याचे बारकाईने वर्णन केले, रंग बदलणाऱ्या डोक्यासकट, आणि दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने त्याचे चित्र काढले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. इंग्रजांनी या अमेरिकी पक्ष्याला तुर्कस्तानचे नाव दिले, तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात आणि पोर्तुगीज ‘पेरू’. ज्याला त्याला तो दुसऱ्याच मुलखातून आलेला वाटला.

अमेरिकेत मात्र तो संपत आला होता. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे १९३०च्या दशकात त्याची संख्या फार तर दोन लाखांपर्यंत खाली आली होती. आज ती साठ लाखांच्या घरात आहे. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. पुढे मोठी जाळी तोफेसारखी उडवून रानटी टर्की पकडायचे आणि ओसाड झालेल्या रानांत नेऊन सोडायचे, असे अनेक वर्षे चालले. शिकार थांबली नाही, पण वसंतात ती नरांपुरती राखली गेली. वसंतात मारायचा तो छातीवर केसांसारखी ‘दाढी’ असलेलाच पक्षी.

इथे नाशिकच्या माळावरचा वाचक विचारील, मग आपल्याकडेही तसेच का नको?

उत्तर पक्ष्यांच्या संसारात आहे. टर्कीचा नर अनेक माद्यांशी जुगतो आणि नंतर घरट्याकडे फिरकतही नाही. अंडी उबवणे, पिले सांभाळणे, सगळे मादीचे. माद्या अंड्यांवर बसल्यावर एखादा नर गेला, तर पिलांच्या वाट्याचे काही कमी होत नाही. शिवाय तो ओळखायला सोपा आहे. शंभर फुटांवरूनही नर-मादीत गफलत होऊ नये.

तित्तराचा संसार जोडीचा. नर-मादी बरोबर राहतात. झुडपाच्या मुळाशी किंवा बांधाच्या कडेला जमीन उकरून केलेल्या साध्या खळग्यात मादी अंडी घालते आणि अठरा-एकोणीस दिवस उबवते. नर आसपास राखण करतो आणि पिले बाहेर पडली की तोही त्यांच्याबरोबर हिंडतो. वाळव्या टिपणारे ते कुटुंब पुढे कित्येक आठवडे एकत्र दिसते. दिसायला नर-मादी जवळजवळ सारखे. नराच्या पायावरची आरी हाच काय तो फरक, आणि तो पक्षी हातात आल्यावर कळणारा. म्हणजे चैत्र-वैशाखात हाकेवर आलेला प्रत्येक नर हा बहुधा एका मांडलेल्या घराचा राखणदार असतो. तिकडे ज्या युक्तीने फालतू पडलेला नर टिपला जातो, त्याच युक्तीने इथे अख्खी वीण उघडी पडते.

विणीच्या काळात पक्षी मारू नये, ही समज कायद्यात फार हळूहळू आली. १८८७ चा पक्षी संरक्षण कायदा नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीपुरता होता: विणीच्या काळात ताजे मारलेले वा पकडलेले रानपक्षी तिथे बाळगायचे, विकायचे नाहीत. १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना शिकारबंदीचा काळ ठरवण्याचा अधिकार दिला. मुंबई राज्याने १९५१ साली स्वतःचा कायदा केला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा देशभर आला, तरी त्यात लहान शिकारीचा परवाना शिल्लक होता. तो १९९१ च्या दुरुस्तीने गेला. आज तित्तर, लावा यांची शिकार हा सरळ गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यासाठी शिक्षा याहून कडक आहे. हमरस्त्यावरच्या ढाब्यावर उघडपणे मिळणारा लावा म्हणजे जपानी लावा, १९७०च्या दशकात इज्जतनगरच्या पक्षी संशोधन संस्थेमार्फत भारतात आलेला आणि कोंबडीसारखा पाळला जाणारा.

कायद्याने पक्ष्याला आसरा दिला. पारध्याचे काय करायचे हे मात्र त्यात लिहिलेले नव्हते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या धोरणाने अशा जमातींवर जन्मतःच शिक्का मारला होता. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला, कागदावर तरी. पुढे पिढीजात धंदाच बेकायदा ठरला. ‘पारध’ हा शब्द संस्कृत ‘पापर्द्धि’वरून आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे या शब्दात पाप आधीच बसलेले आहे. राजांच्या दरबारी मात्र मृगया ही करमणूक होती. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मृगया, ससाण्यांची शिकार आणि लाव्यांच्या झुंजी राजाचे ‘विनोद’ म्हणून सविस्तर येतात.

ज्या कानाने फास लावला जायचा, तोच कान आता दुसऱ्या कामी येऊ लागला आहे. माळावरचे पक्षी मोजायचे तर डोळ्यांचा उपयोग थोडा. हाका मोजाव्या लागतात. कोणती हाक हद्दीची, कोणती घाबरल्याची, पिलांना बोलावणारी कोणती, हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे त्याच्याइतका तयार गणक मिळत नाही. विदर्भात अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारधी समाजाला बरोबर घेऊन माळराने आणि तिथला दुर्मीळ तणमोर राखण्याचे काम उभे केले. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनीही रानातल्या माणसांकडून मिळालेली पक्ष्यांची माहिती आणि नावे आपल्या लेखनात आवर्जून जपली.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याकडे, फासापेक्षा गलोलीचे प्रस्थ. दोन फाट्यांची काटकी, रबराच्या पट्ट्या आणि खिशात गोटे. गुरांमागे जाणाऱ्या पोराच्या गळ्यात ती असायचीच. अलीकडे या आदिवासी पट्ट्यात गलोली आपणहून जमा करण्याच्या मोहिमा झाल्या. शहराच्या उत्तरेला, रामशेज किल्ल्याजवळचे बोरगड २००८ साली संवर्धन राखीव क्षेत्र झाले, महाराष्ट्रातले पहिले. पूर्वेकडे ममदापूरचे संवर्धन राखीव काळविटांसाठी ओळखले जाते, पण काळविटासाठी राखलेले गवत तित्तरालाही पुरते.

गणनेची पद्धत अगदी साधी असते. उजाडताना ठरलेल्या जागी उभे राहायचे, घड्याळ लावून काही मिनिटे ऐकायचे, ज्या दिशेने हाक आली तिकडे कागदावर बाण काढायचा आणि पुढच्या जागेकडे चालू लागायचे. एकच नर दोनदा मोजला जाऊ नये म्हणून दोन जागांमध्ये पुरेसे अंतर ठेवायचे. ऊन चढले की हाका विरळ होतात आणि आठ-साडेआठला माळ गप्प होतो. कागदावर तोवर पाच-सहा बाण उमटलेले असतात. मृग लागायच्या सुमारास त्याच बांधावर वाळवीच्या वारुळाशी दोन मोठे आणि पाठोपाठ चार-पाच इवलेसे तपकिरी गोळे पळताना दिसले, तर त्यातला एक बाण घरच्यांसह दाखल झाला असे समजायचे.