बँक बदलायची की फक्त कार्ड?

परदेशवारीहून परतल्यावर महिनाभरात क्रेडिट कार्डाचं बिल येतं. हॉटेल, मेट्रो, सुपरमार्केट या नोंदी आपल्या ओळखीच्या असतात. पण जवळजवळ प्रत्येक खर्चामागे परकीय चलन शुल्काची एक नोंद असते आणि तिच्याखाली जीएसटीची आणखी एक. सुटी सुटी पाहिली तर रक्कम किरकोळ वाटते, बेरीज केली की सात-आठ हजारांवर जाते. मग नेरूळ असो की खारघर, सल्ला एकच ऐकू येतो : ही बँक सोडा, अमुक बँकेत खातं काढा, तिथे परदेशात एक पैसा लागत नाही.

नवी मुंबईत हा विषय आता मूठभरांचा राहिलेला नाही. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांतून ऑनसाइट जाणारी मुलं आहेत, बोटीवर नोकरी करणाऱ्यांची कुटुंबं आहेत, जर्मनी-कॅनडात शिकणाऱ्यांचे आईवडील आहेत. २५ डिसेंबर २०२५ पासून शहराच्या स्वतःच्या विमानतळावरून प्रवासी उड्डाणंही सुरू झाली आहेत. म्हणून हा सल्ला नीट तपासायला हवा. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर विसंबून लोक विनाकारण खाती हलवतात.

“आमची बँकच महाग आहे”

परकीय चलनातल्या खर्चावरचं शुल्क, ज्याला बँका फॉरेक्स मार्कअप म्हणतात, ते बँकेनुसार नाही तर कार्डानुसार ठरतं. एकाच बँकेच्या साध्या कार्डावर ते साडेतीन टक्के आणि वरच्या श्रेणीच्या कार्डावर दोन टक्के असू शकतं. त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून साडेतीनचे प्रत्यक्षात ४.१३ टक्के होतात आणि दोनाचे २.३६. जाहिरातीत पहिला आकडा दिसतो, बिलात दुसरा लागतो. कार्डाचं शुल्कपत्रक बँकेच्या संकेतस्थळावर असतं. ते दहा मिनिटं वाचलं तर कितीतरी लोकांना कळेल की त्यांच्याच बँकेत त्यांना मिळू शकणारं स्वस्त कार्ड आहे, फक्त कुणी मागितलेलं नाही.

समजा, तसं कार्ड तिथे नाही. तरीही दुसऱ्या बँकेचं क्रेडिट कार्ड घ्यायला त्या बँकेत बचत खातं असावंच लागतं असं नाही. फेडरल बँकेसोबतचं स्कॅपिया आणि आयडीएफसी फर्स्टचं मुदत ठेवीवर मिळणारं वॉव ही कार्डं मार्कअप नाही या अटीवरच बाजारात आली. अशा अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशीचं शुल्कपत्रक पाहावं. पण मुद्दा कायम राहतो : पगाराचं खातं जागेवर ठेवून पाकिटात एक जादा कार्ड ठेवता येतं.

खातं हलवणं मात्र सोपं नाही. मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते, तशी सोय बँक खात्याला नाही. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी २०१७ मध्ये ही कल्पना जाहीरपणे मांडली होती, पण खाते क्रमांक आजही बँकेबरोबर बदलतो. त्या क्रमांकाला घराच्या कर्जाचा हप्ता, एसआयपी, विम्याचा प्रीमियम, महावितरणचं आणि महानगर गॅसचं बिल, पीएफ आणि आईवडिलांची पेन्शन जोडलेली असते. यातला एक हप्ता चुकला तरी दंड आणि क्रेडिट स्कोअरवरचा डाग वाचवलेल्या शुल्कापेक्षा महाग पडतो.

“वर्षाला खूप वाचतील”

इथे अंदाज नको, आकडे हवेत. केसरी किंवा वीणा वर्ल्डसारख्या कंपनीबरोबर युरोपला जाणाऱ्या जोडप्याचा विचार करा. विमान, हॉटेल, जेवण, बस यांचे पैसे निघण्याआधी रुपयांत भरलेले असतात. तिथे कार्डावर खर्च होतो तो खरेदीचा आणि वरखर्चाचा, समजा चाळीस हजार रुपये. सगळ्यात महाग दराने, ४.१३ टक्क्यांनी, त्यावर १,६५२ रुपये लागतील. बँक बदलून फार तर एवढेच वाचणार.

आता स्वतः नियोजन करून जाणारं कुटुंब घ्या. हॉटेलपासून ट्रामपर्यंत सगळं कार्डावर, खर्च दोन लाख. ४.१३ टक्क्यांनी शुल्क ८,२६० रुपये, २.३६ टक्क्यांनी ४,७२०, शून्य मार्कअपच्या कार्डावर काहीच नाही. इथे कार्ड बदलण्यात अर्थ आहे, आणि दरवर्षी जाणाऱ्यांनी ते बदलायलाच हवं.

नव्या बँकेचा ‘प्रीमियम’ खात्याचा आग्रह मात्र याच हिशेबात धरायला हवा. त्या खात्यात किमान सरासरी एक लाख शिल्लक ठेवा, अशी अट समजा असेल. बचत खात्यावर अडीच टक्के व्याज आणि मुदत ठेवीवर साडेसहा टक्के धरलं, तर ते लाख रुपये अडकवून ठेवण्यापायी वर्षाला चार हजार रुपयांचं व्याज बुडतं. हे बिलावर कुठेच दिसत नाही, म्हणून कुणी मोजत नाही. पॅकेज टूरवाल्या जोडप्याने असं खातं उघडलं तर १,६५२ वाचवण्यासाठी ४,००० घालवले.

वार्षिक वर्गणीचंही तसंच. तीन हजार रुपये वर्गणी, वर जीएसटी, म्हणजे ३,५४०. शून्य मार्कअपचं असं कार्ड साडेतीन टक्केवाल्या कार्डाच्या तुलनेत साधारण ८५,७०० रुपयांच्या परदेशी खर्चानंतर परवडायला लागतं. त्याआधी नाही.

“शून्य मार्कअप म्हणजे सगळं फुकट”

खरेदीच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्या दिवसाचा दर लागतो. तो त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतो आणि बाजारभावाच्या जवळचा असतो.

एटीएममधून रोख काढण्याची गोष्ट वेगळी. तिथल्या बँकेचं स्वतःचं शुल्क असतं आणि ते भारतातली बँक सहसा माफ करून घेऊ शकत नाही. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला एका वेळी २२० बाहत किंवा त्याहून जास्त लागतात. क्रेडिट कार्डावर रोख काढली तर बहुतेक कार्डांवर रोख उचलीचं शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज. रोख हवीच असेल तर डेबिट किंवा आधीच परकीय चलन भरून घेतलेल्या फॉरेक्स कार्डाने, आणि थोडी थोडी नव्हे, एकदाच काढावी.

“रुपयांत पैसे भरले की शुल्क वाचतं”

मला सगळ्यात जास्त काळजी या गैरसमजाची वाटते, कारण यात माणूस शहाणपणा करायला जातो आणि त्यातच अडकतो. पॅरिसच्या दुकानात कार्ड लावलं की यंत्रावर दोन पर्याय येतात : युरोत भरा की रुपयांत? रुपयांचा आकडा ओळखीचा, म्हणून बोट तिकडे जातं. त्या क्षणी चलन बदलण्याचा दर ठरवते दुकानाची बाजू, आणि त्यात बाजारभावावर कित्येक टक्के चढवलेले असतात. वर आपल्याकडच्या काही बँका परदेशी दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही साधारण एक टक्का आणि जीएसटी घेतात. म्हणजे शून्य मार्कअपचं कार्ड हातात असूनही नुकसान. ते बँक बदलून थांबत नाही. नेहमी त्या देशाच्या चलनातच पैसे भरायचे, आणि एटीएमने ‘कन्व्हर्जन’ विचारलं तर ते नाकारायचं. नाकारलं तरी पैसे मिळतातच. दुकानदाराने न विचारता रुपये निवडले असतील तर सही करण्याआधी व्यवहार रद्द करायला सांगावं. हा आपला हक्क आहे, त्यात संकोच नको.

हीच गोष्ट वाशीत घरी बसूनही घडते. डॉलरमध्ये वर्गणी घेणारं ॲप किंवा हॉटेल आरक्षणाचं परदेशी संकेतस्थळ रुपयांत किंमत दाखवतं, पण कंपनीची नोंदणी परदेशात असते. मी कुठे परदेशात जातो, असं म्हणणाऱ्यांच्या बिलातही म्हणून हे शुल्क सापडतं.

“फॉरेक्स कार्डच बरं” आणि “क्रेडिट कार्डावर २० टक्के कर”

फॉरेक्स कार्डावर खर्च करताना मार्कअप लागत नाही, कारण बँकेने आपली कमाई पैसे भरतानाच्या दरात घेतलेली असते. चलन विकत घेण्याच्या दिवशी त्या दराची बाजारभावाशी तुलना केल्याशिवाय हे कार्ड स्वस्त की महाग ते कळत नाही. युरो भरून स्वित्झर्लंडमध्ये फ्रँकचा खर्च केला तर वेगळं शुल्क. उरलेलं चलन परत विकताना पुन्हा फटका. नियमानुसार परतल्यावर १८० दिवसांत ते बँकेला परत करावं लागतं, दोन हजार डॉलरपर्यंत जवळ ठेवायची मुभा आहे.

कराची भीती २०२३ मधली. १६ मे २०२३ रोजी केंद्राने परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्च एलआरएस या, परदेशात पैसे पाठवण्याच्या योजनेत आणला आणि गदारोळ झाला. २८ जूनला तो निर्णय पुढे ढकलला. त्यामुळे परदेशात क्रेडिट कार्ड वापरण्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा हा कर, लागत नाही. डेबिट आणि फॉरेक्स कार्डाचा खर्च मात्र एलआरएसमध्ये मोजला जातो. तिथेही १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत टीसीएस नाही. लागलाच तर तो विवरणपत्रात वळता होतो, त्याचं कार्डाच्या शुल्काशी नातं नाही.

मग बँक कुणी बदलावी?

ज्यांच्याकडे फक्त डेबिट कार्ड आहे आणि जे महिनोन्‌महिने परदेशात राहतात, त्यांनी दुसरं खातं उघडायचा जरूर विचार करावा. मुलाकडे अमेरिकेत सहा महिन्यांसाठी जाणारे निवृत्त आईवडील बहुधा पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड घेऊन जातात. त्यावर प्रत्येक खरेदीला मार्कअप लागतो आणि प्रत्येक रोख उचलीला वेगळं शुल्क. उत्पन्नाचा पुरावा कमी म्हणून क्रेडिट कार्ड मिळत नाही, असं त्यांना वाटत असतं. मुदत ठेवीवरचं कार्ड त्यांच्यासाठी योग्य. ठेवीवर व्याज चालू राहतं, कार्डाची मर्यादा ठेवीच्या रकमेवर ठरते, आणि पेन्शनच्या खात्याला हातही लावावा लागत नाही.

निघण्याआधी त्या कार्डावर परदेशी वापर सुरू करून द्यावा. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतं. बँकेच्या ॲपमध्ये मर्यादा गरजेपुरतीच ठेवावी, कारण परदेशी दुकानांत बऱ्याचदा ओटीपी विचारलाच जात नाही. आणि भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवावं, म्हणजे खात्यातून काही गेलं तर निरोप येईल. परतल्यावर जुनं क्रेडिट कार्ड नको असेल तर थकबाकी भरून बंद करण्याचा अर्ज द्यावा. बँकेला ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे पाचशे रुपये ती ग्राहकाला देणं लागते.