साखर मोजली, चिपाड जाळलं

प्रवरेकाठी लोणीला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं आणि पुढच्या वीसेक वर्षांत कृष्णाकाठानं तीच वाट धरली. सांगलीत वसंतदादांचा कारखाना उभा राहिला, रेठऱ्याला ‘कृष्णा’, साखराळ्याला ‘राजारामबापू’, भुईंजला ‘किसन वीर’. तेव्हापासून सातारा आणि सांगली जिल्ह्यांत उसाचा हिशेब टन, उतारा आणि दर या तीन शब्दांत होत आला. रस काढून उरलेल्या बगॅसचं, म्हणजे चिपाडाचं, नाव त्या हिशेबात शेवटी येतं. खरं तर एक टन ऊस गाळला की ओलं बगॅस पावणेतीनशे ते तीनशे किलो निघतं. साखर निघते शंभर-सव्वाशे किलो.

चिपाड तसं कुणी वाया घालवलेलं नाही. गुऱ्हाळात ते अंगणभर वाळत टाकायचे आणि चुलवाणात सारायचे. कराड-सांगलीच्या पेठांतला गूळ त्याच जाळावर शिजला. कारखान्यांनी ते बॉयलरमध्ये घातलं. सहवीजनिर्मिती आल्यावर त्यातून उरलेली वीज विकून पैसेही आले. हा उपयोग सचोटीचा आहे. पण या साऱ्या काळात चिपाडाकडे आपण जळण म्हणूनच पाहिलं, आणि तेच मला खटकतं.

बाहेर वनस्पतींतल्या न पचणाऱ्या साखरेच्या साखळ्यांचा अभ्यास मात्र कधीचाच पुढे सरकत होता. १८०४ मध्ये व्हॅलेंटिन रोझ या जर्मन शास्त्रज्ञाला इनुला नावाच्या झाडाच्या मुळांत एक वेगळा पदार्थ सापडला. तो पुढे इन्युलिन म्हणून ओळखला गेला. शरीर तो वापरत नाही आणि मूत्रपिंड तो जसाच्या तसा गाळून टाकतं, म्हणून १९३० च्या दशकात मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मोजायला संशोधकांनी तो शिरेतून द्यायला सुरुवात केली. तोंडावाटे घेतला तर तो न पचता मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथल्या जिवाणूंचं खाद्य होतो. १९९५ मध्ये गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड यांनी अशा घटकांना ‘प्रीबायोटिक’ म्हटलं. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत उंदरांच्या खाद्यात इन्युलिन मिसळलं जातं.

ऊसपट्ट्याशी याचा संबंध दोन बाजूंनी आहे. जपानच्या मेइजी कंपनीनं १९८० च्या दशकात बुरशीच्या विकराच्या मदतीनं साध्या साखरेच्या रेणूला फ्रुक्टोजचे आणखी रेणू जोडले आणि फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड बाजारात आणलं. कच्चा माल साखर, म्हणजे आपण पोत्यांनी भरून ठेवतो तीच! म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत एस. जी. प्रपुल्ला आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी लागणारा विकर शेतीतल्या उरल्यासुरल्या मालावर बुरशी वाढवून तयार केला. त्या मालात उसाचं बगॅसही होतं.

दुसरी बाजू खुद्द चिपाडाची. कोरड्या बगॅसचा साधारण पाव हिस्सा हेमिसेल्युलोज असतो आणि त्यात मुख्यतः झायलन. झायलनेज विकरानं त्या लांब साखळीचे बारीक तुकडे केले की झायलो-ऑलिगोसॅकराइड मिळतं. आतड्यातल्या बिफिडो जिवाणूंना ते मानवतं. या विकरांवर साताऱ्याहून दोन-तीन तासांच्या वाटेवर, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मोठं काम झालं. नीता कुलकर्णी, अभय शेंड्ये आणि माला राव यांचा झायलनेजवरचा १९९९ चा आढावा जगभर वाचला गेला. मांजरीला वसंतदादांचं नाव लावणारी साखर संस्थाही तिथून लांब नाही. ज्ञान इतकं जवळ असताना ते गव्हाणीपर्यंत पोचायला एवढा वेळ लागावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

असे घटक शुद्ध करून केलेल्या भुकटीबद्दल मात्र सावध राहायला हवं. २०१८ मध्ये मातम विजय-कुमार यांच्या चमूनं ‘सेल’ या नियतकालिकात दाखवलं की, आतड्यातलं जिवाणूंचं संतुलन बिघडलेल्या काही उंदरांना शुद्ध इन्युलिन दिल्यावर आधी कावीळ आणि पुढे यकृताचा कर्करोग झाला. हा निष्कर्ष माणसाला थेट लागू होत नाही. तरी डब्यातली भुकटी आणि ताटातलं अन्न यांत फरक आहे, हे त्यानं ठसवलं. ताटात तर आपल्याकडे हे घटक केव्हापासून आहेत. लोणंदच्या बाजारातल्या कांद्यात इन्युलिनच्या घराण्यातलेच फ्रुक्टन असतात, लसणात त्याहून जास्त. कांदा चाळीत पडून कोंब धरू लागला की ते मोडून साध्या साखरा होतात. कोरेगावच्या वाघ्या घेवड्यातले रॅफिनोज आणि स्टॅकिओज आपल्याला पचत नाहीत, म्हणून पोट गुबारतं. आतड्यातल्या जिवाणूंना मात्र ते चालतात.

चिपाडातून झायलन काढायला वाफ लागते, विकर लागतो, आणि सगळ्यात खर्चिक काम शुद्धीकरणाचं. हंगाम चार-पाच महिन्यांचा, त्यात वीजविक्रीचे करार आधीच झालेले. त्यामुळे एखाद्या संचालक मंडळानं हात आखडला तर त्याला दोष देता येत नाही. पण झायलन काढून घेतल्यावरही सेल्युलोज आणि लिग्निन मागे उरतात, आणि ते बॉयलरला चालतात. दोन जिल्ह्यांतल्या एखाद्या तरी कारखान्यानं बगॅसचा थोडा वाटा बाजूला काढून एका हंगामापुरता हा प्रयोग करावा, पुण्या-म्हैसूरच्या माणसांना सोबत घ्यावं, आणि टनामागे किती जळण घटलं नि किती माल हाती आला हे आकडे वार्षिक सभेत सभासदांपुढे ठेवावेत.