‘माझे’ आणि ‘आमचे’

मी मालवण तालुक्यातील एका शाळेत मराठी शिकवीत असे. दर वर्षी ‘माझी आई’ या विषयावर मुलांना निबंध लिहावयास देण्याचा माझा प्रघात होता. एका वर्षी एका मुलीच्या निबंधातील आई पहाटे तुळशीला पाणी घालणारी व सायंकाळी देवापुढे दिवा लावून गोष्टी सांगणारी अशी होती. भाषा शुद्ध होती; पण वर्णन खरे नव्हते. तिची आई पहाटेच बंदरावर जाऊन मासळी घेई आणि डोक्यावर टोपली घेऊन उन्हातान्हात दारोदार विकीत असे, हे मला ठाऊक होते. “तू आपल्या आईविषयी का लिहिले नाहीस?” असे मी विचारले, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, “गुरुजी, पुस्तकात तशी आई नसते.”

बालमित्रांनो, हे उत्तर मी अद्याप विसरलो नाही. ग्रंथांतून स्त्रियांची वर्णने पुष्कळ आहेत. पण ती बहुधा इतरांनी केलेली. जात्यावर बसून बायांनी आपली सुखदुःखे ओव्यांत गाइली खरी, परंतु त्या रचणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. जिच्याविषयी इतर लिहीत आले, तिनेच लेखणी हाती घेतली म्हणजे काय होते?

रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला, तेव्हा त्या अवघ्या अकरा वर्षांच्या, म्हणजे तुमच्याच वयाच्या होत्या. पतीने त्यांना लिहावयास-वाचावयास शिकविले. घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही आणि रमाबाईंना नित्य बोलणी खावी लागली. पुढे १९१० साली त्यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या नावात ‘माझ्या’ नाही, ‘आमच्या’ आहे. पुस्तकाचा पुष्कळसा भाग न्यायमूर्तींविषयी आहे. मला मात्र त्यातील भीत भीत अक्षरे गिरविणारी ती लहान मुलगीच अधिक जवळची वाटते.

हाच शब्द फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी अगदी निराळ्या अर्थाने योजिला. अस्पृश्य मानिल्या गेलेल्या महार समाजात १९२९ साली त्यांचा जन्म झाला. संसार सांभाळून त्या लहानसे दुकान चालवीत. पुडे बांधण्यासाठी आणलेली रद्दी वाचता वाचता त्यांना वाचनाची गोडी लागली, आणि मग त्या स्वतः लिहू लागल्या. पण उघडपणे नव्हे! घरच्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून त्यांनी आपले लिखाण सुमारे वीस वर्षे लपवून ठेविले. १९८६ साली ‘जिणं आमचं’ हे त्यांचे पुस्तक निघाले. यातील ‘आमचं’ म्हणजे पतिपत्नीचे नव्हे, साऱ्या वस्तीचे. भूक, बाळंतपणातील हाल, बाहेरच्यांनी केलेला अपमान हे तर त्यांनी लिहिलेच. पण सासूने सुनेला कसे छळावे, हेही लिहिले. आपल्याच माणसांचे दोष लिहावयास अधिक धैर्य लागते.

आता आपल्या कोकणाकडे वळू. ऊर्मिला पवार यांचे आत्मचरित्र २००३ साली प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘आयदान’. त्यांचा जन्म १९४५ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील. तेव्हा आपला सिंधुदुर्गही त्याच जिल्ह्यात मोडत होता. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू : सूप, रोवळी, टोपली. वडिलांच्या मागे त्यांच्या आईने आयदाने विणून मुले वाढविली. डोक्यावर जड भारे घेऊन, डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजारी जाणाऱ्या बायाही या पुस्तकात आहेत. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांत लेखिकेला एक नाते दिसले. माझ्या विद्यार्थिनीस हे पुस्तक त्या वेळी दाखविता आले असते, तर!

आपली ओळख लपविण्याची वेळ सातासमुद्रांपलीकडेही येते. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी सॅली मॉर्गन या मुलीला शाळेतील मुले विचारीत, “तुम्ही कुठले?” घरी तिला शिकविले होते की, ‘आम्ही हिंदुस्थानातले’ असे सांगावे! वस्तुतः ते कुटुंब तेथील आदिवासींपैकी होते. तेथील सरकार आदिवासींची मुले आयांपासून हिरावून नेत असे. सॅलीच्या आजीची आणि आईची लहानपणी अशीच ताटातूट झाली होती. म्हणून त्या दोघी भीतीने गप्प राहिल्या. सॅली मोठी झाल्यावर तिने आजीचा भाऊ, आई आणि शेवटी आजी यांना बोलते केले, आणि त्यांच्या हकिकती त्यांच्याच तोंडून १९८७ सालच्या आपल्या पुस्तकात घातल्या. नाव ठेविले, ‘माझे ठिकाण’ अशा अर्थाचे.

आजीने मात्र सगळे सांगितले नाही. काही गोष्टी माझ्याबरोबरच जातील, असे ती म्हणाली. आणि नातीने ते तसेच लिहून ठेविले.