रंग असतातच, डोळा कमी पडतो

जॉन हर्शेल १८३४ च्या जानेवारीत केप ऑफ गुड होपला उतरले, ते सव्वाअठरा इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण बरोबर घेऊन. वडील विल्यम यांनी इंग्लंडमधून उत्तरेचं आकाश चाळून काढलं होतं. तिथून न दिसणारं दक्षिणेचं आकाश मुलाने पुरं करायचं ठरवलं. चार वर्षांच्या त्या मुक्कामात त्यांना सगळ्यात जास्त दमवलं ते ईटा कॅरिनी ताऱ्याभोवतीच्या कॅरिना तेजोमेघाने. आधी तिथल्या ताऱ्यांच्या जागा मोजून कागदावर मांडायच्या, मग त्या खुणांच्या आधाराने मेघाच्या छटा पेन्सिलीने भरायच्या. एका चित्रापायी कित्येक महिने गेले. आणि चांदीचे क्षार विरघळवणारा ‘हायपो’, ज्याच्यामुळे पुढे फोटो टिकू लागले, तो याच गृहस्थांनी १८१९ मध्ये अभ्यासून ठेवलेला! पण आकाशातला फिकट ढग पकडू शकेल अशी प्लेट यायला वेळ होता. हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला तो १८८० मध्ये, न्यूयॉर्कजवळून.

त्यानंतर दोनच वर्षांनी केपच्या वेधशाळेत डेव्हिड गिल यांनी एका मोठ्या धूमकेतूचे फोटो काढले. धूमकेतू आलाच, पण त्याच्या मागे इतके तारे उमटले, की आकाशाची नोंदवही हाताने लिहिण्याचे दिवस संपल्याचं गिल यांनी ओळखलं. त्यांच्या प्लेटा हॉलंडमध्ये कॅप्टाइन यांनी मोजल्या आणि दक्षिणेच्या साडेचार लाखांहून अधिक ताऱ्यांची सूची तयार झाली.

हे सगळं कृष्णधवल होतं. आज कॅलेंडरवर आणि मोबाइलवर जे गुलाबी-निळे तेजोमेघ दिसतात ते पाहून लोक हमखास विचारतात, की हे रंग खरे की संगणकातून भरलेले? आकाशदर्शनाला येऊन पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावणारा माणूस तर नाराजच होतो. त्याला राखाडी धुरकट डाग दिसतो आणि आपल्याला फसवलं असं वाटतं.

फसवणूक झालेली असते, पण ती डोळ्याने केलेली. अंधारात आपण ज्या पेशींनी पाहतो त्यांना रंग कळत नाहीत. शिवाय त्या हिरवट-निळ्या उजेडाला संवेदनशील आणि लाल उजेडाला जवळपास आंधळ्या. तेजोमेघातला हायड्रोजन मुख्यतः ६५६ नॅनोमीटरच्या गडद लाल प्रकाशात चमकतो, म्हणजे नेमका अंधारात डोळ्याला जवळपास न दिसणारा भाग. त्यात डोळा म्हणजे गळकं मडकं. सेकंदाच्या एखाद्या अंशापुरता उजेड धरतो आणि सोडून देतो. प्लेट तासभर साठवत राहते.

दक्षिणेच्या आकाशाला रंग मिळाले ते १९७० च्या दशकात, ऑस्ट्रेलियात. न्यू साउथ वेल्समधल्या सायडिंग स्प्रिंग डोंगरावर १९७३ मध्ये ब्रिटनची १.२ मीटरची श्मिट दुर्बीण आणि १९७४ मध्ये ३.९ मीटरची अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बीण उभी राहिली. जागा अचूक निवडलेली. आकाशगंगेचं केंद्र तिथे जवळपास डोक्यावर येतं आणि मॅजेलानचे दोन्ही मेघ, म्हणजे आपल्या शेजारच्या दोन लहान दीर्घिका, कधीच मावळत नाहीत. १९७५ मध्ये तिथे डेव्हिड मॅलिन रुजू झाले. ते खगोलशास्त्रज्ञ नव्हते. एका रसायन कंपनीत सूक्ष्मदर्शकाखालच्या गोष्टींचे फोटो काढणारे केमिस्ट होते. माझ्या मते त्यांचं यश यातच आहे. दुर्बिणीवर बसणाऱ्यांना प्लेट हे साधन वाटे, मॅलिनना प्लेटच्या आत काय घडतं यात रस होता.

रंगीत फिल्म त्यांनी दुर्बिणीला लावलीच नाही. लांबलचक एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदनशीलता गळत जाते, आणि रंगीत फिल्मचे तीन थर वेगवेगळ्या वेगाने मंदावत असल्यामुळे रंग बिघडतात. म्हणून त्यांनी जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांची १८६१ सालची युक्ती वापरली. एकाच तेजोमेघाच्या निळ्या, हिरव्या आणि लाल फिल्टरमधून तीन वेगळ्या कृष्णधवल काचेच्या प्लेटा घ्यायच्या आणि डार्करूममध्ये त्या एकमेकींवर तंतोतंत बसवून रंगीत चित्र उभं करायचं. दुर्बिणीला लावण्याआधी प्लेटा नायट्रोजनमध्ये मंद भाजत आणि हायड्रोजनमध्ये ठेवत, तेव्हा कुठे त्यांना फिकट उजेड दिसू लागे.

खरी करामत त्यापुढची. मेघाचा गाभा इतका प्रखर, की प्लेटवर तो काळाठिक्कर पडतो आणि कडा मात्र जेमतेम उमटते. मॅलिन त्या निगेटिव्हची एक मुद्दाम धूसर पॉझिटिव्ह प्रत करत आणि दोन्ही एकत्र ठेवून छापत. धूसर प्रत मोठा भडकपणा झाकून टाके, बारीक तपशील तेवढे शिल्लक राहत. दुसरी युक्ती याहून हुशारीची. अतिफिकट प्रतिमा प्लेटच्या रसायनाच्या सगळ्यात वरच्या थरात असते, हे ध्यानात घेऊन त्यांनी पसरट उजेडात, कडक छपाई करणाऱ्या फिल्मवर त्या वरच्या थराचीच प्रत काढली. अशा छपाईतून साध्यासुध्या लंबगोल दीर्घिकांभोवती कवचांसारखी वलयं दिसली. लहान दीर्घिका गिळल्याच्या त्या खुणा मानल्या जातात. १९८० च्या दशकात याच तंत्रातून एक अवाढव्य आणि अतिफिकट सर्पिल दीर्घिका सापडली. तिला आज मॅलिन-१ म्हणतात.

मग २४ फेब्रुवारी १९८७ उजाडला. चिलीमध्ये इयन शेल्टन यांनी मोठ्या मॅजेलान मेघाची तीन तासांची प्लेट धुतली, तर तिच्यावर एक जास्तीचा ठळक तारा. डाग असेल म्हणून ते बाहेर आले आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. तारा खरोखर तिथे होता. १६०४ नंतर नुसत्या डोळ्यांनी दिसलेला हा पहिला अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन उजळलेला तारा. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या प्लेटांवर स्फोटापूर्वीचा तारा हजर होता. तो निळा निघाला, तेव्हा शास्त्रज्ञ चक्रावले, कारण असे स्फोट तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांचे होतात, अशीच तोवर समजूत होती.

ताऱ्याचा रंग असं काही सांगून जातो, म्हणून तेजोमेघाचा रंगही नुसती सजावट समजू नये. लाल म्हणजे हायड्रोजन, निळसर हिरवं म्हणजे ५०१ नॅनोमीटरला चमकणारा ऑक्सिजन, निळं म्हणजे बहुतेकदा धुळीवरून विखुरलेला ताऱ्याचा उजेड. कॅरिना नुसता लाल न दिसता गुलाबी दिसतो, कारण हायड्रोजन निळ्या रेषेतही थोडा चमकतो. याच प्रकाशरेषा वर्णपटात मोजण्याचं काम दक्षिण आफ्रिकेतल्या सदरलँडची सॉल्ट दुर्बीण करते, आणि पुण्याची आयुका त्या दुर्बिणीतली भागीदार आहे.

हबल अवकाश दुर्बिणीच्या काही गाजलेल्या चित्रांची गोष्ट मात्र वेगळी. हायड्रोजन आणि गंधक दोघेही लाल उजेड देतात. खरे रंग ठेवले तर वेगळे ओळखताच येणार नाहीत, म्हणून तिथे हायड्रोजनला हिरवा, गंधकाला लाल आणि ऑक्सिजनला निळा रंग वाटून दिलेला असतो. तसं सांगून केलं तर मला यात काही गैर वाटत नाही. राग येतो तो न सांगता रंग भडक करणाऱ्यांचा. आजकाल असे फोटो फार झाले आहेत.

काचेच्या प्लेटांची जागा आता इलेक्ट्रॉनिक संवेदकाने घेतली आहे. प्लेटवर पडणाऱ्या शंभर प्रकाशकणांतले मोजकेच नोंदले जात. चांगला संवेदक ऐंशीहून अधिक नोंदवतो. त्यामुळे मॅलिनना डोंगराएवढ्या दुर्बिणीने मिळायचं त्यातलं बरंचसं आज हौशी माणूस अंगणातून मिळवतो. बाजारातल्या साध्या कॅमेऱ्यात संवेदकापुढे एक फिल्टर असतो, तो हायड्रोजनचा लाल उजेड बराचसा अडवतो. म्हणून जाणकार तो काढून घेतात.

आपल्याकडून दक्षिणेचं किती दिसतं? मॅजेलानचे मेघ विसरा. मोठा मेघ गोव्यातूनही क्षितिजापासून जेमतेम पाच अंश वर येतो. कॅरिना तेजोमेघ मुंबईहून अकरा, सिंधुदुर्गातून चौदा अंश चढतो. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पुण्याहून चोवीस अंशांवर येतो आणि तो सहज मिळतो. एका बाबतीत तर आपण ऑस्ट्रेलियनांपेक्षा नशीबवान आहोत. दुर्बीण आकाशाबरोबर फिरवायची तर तिचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो. त्यांच्या दक्षिण ध्रुवाजवळ सिग्मा ऑक्टँटिस हा मिणमिणता तारा आहे, तो शोधता शोधता घाम निघतो. आपण दक्षिणेचा फोटो काढायचा, पण आस जुळवायचा तो पाठीमागच्या ठळक ध्रुवताऱ्याशी.

एप्रिलच्या उत्तरार्धात अमावास्येच्या आसपास, रात्री नऊच्या सुमारास, दक्षिणेला मोकळं क्षितिज आणि गावाचे दिवे पाठीमागे असतील अशी जागा गाठा. पन्नास मिलिमीटरचं भिंग, तिपाई, पाच-सहा सेकंदांचं एक्स्पोजर, असे शंभरेक फोटो काढा आणि घरी येऊन मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांवर रचा. कॅरिना गुलाबी उमटेल. संगणकातलं रंग वाढवायचं बटण मात्र तेवढं जपून वापरा.